फोमच्या पायावर खरी वाटणारी जमीन: आधी भूभाग, मग रूळ

घाटमार्ग (धागाकर्ता)

मॉडेल रेल्वेच्या लेआउटसाठी (रूळ आणि भोवतालचा देखावा यांच्या मांडणीसाठी) फोमचा पाया का वापरावा, असे विचारले की बहुतेक वेळा दोनच कारणे पुढे येतात: तो हलका असतो आणि सहज कापता येतो. दोन्ही कारणे खरी आहेत. १२०० बाय ६०० मिमी आकाराच्या आणि ५० मिमी जाडीच्या एक्स्ट्रुडेड पॉलिस्टायरीन या फोमच्या पाटाचे वजन साधारण सव्वा किलोच्या आसपास भरते, तर त्याच आकाराचा १२ मिमी प्लाय पाच किलोंच्या घरात जातो. परंतु माझ्या मते फोमचा खरा फायदा वेगळाच आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही, म्हणून हा धागा काढत आहे. फोममुळे जमीन रुळांच्या पातळीच्या खाली नेता येते.

सपाट फळीवर रूळ टाकून मग त्यांच्या आजूबाजूला डोंगर उभे केले की प्रत्येक टेकडी टेबलावर उपड्या घातलेल्या वाटीसारखी दिसते, कारण जगातली सगळी जमीन रुळांच्या पातळीपासून वरच सुरू होते असे त्यातून सुचवले जाते. प्रत्यक्षात जमीन आधीपासून असते आणि रेल्वे नंतर येते. उंचवटा आडवा आला तर खोदाई करावी लागते, खळगा आला तर भराव घालावा लागतो, ओढा आला तर मोरी बांधावी लागते आणि यातले काहीच परवडत नसेल तर मार्ग वळवावा लागतो. पाहणाऱ्याला हे सारे शब्दांत सांगता येत नसले तरी ते कुठे खरे वाटते आणि कुठे नाही, हे त्याच्या डोळ्याला बरोबर कळते.

म्हणून मी कामाचा क्रम असा ठेवतो. मार्गाची आखणी आणि रुळांची उंची कागदावर आधी ठरवायची, कारण तिथे गणिताला पर्याय नाही. एचओ मापात, म्हणजे १:८७ मध्ये (प्रत्यक्षाच्या ८७ पट लहान), एका मार्गावरून दुसरा न्यायचा असेल तर पुलाची जाडी धरून सुमारे १०० मिमी उंची लागते आणि २ टक्के चढाने तेवढे वर जायला ५ मीटर लांबी खर्च होते. खालचा मार्ग त्याच वेळी तेवढ्याच उताराने खाली नेला तर ही लांबी निम्मी होते, आणि खाली जाण्याची ही सोय फोमच्या थरांमुळेच मिळते. आखणी ठरली की मग पाट एकावर एक रचून, त्यांवर रेल्वे येणारच नाही असे समजून जमिनीला आकार द्यायचा: कुठे डोंगराचा कणा आहे, पाणी कोणत्या बाजूला वाहते, ओढे कुठे एकत्र येतात. त्यानंतरच या तयार जमिनीतून सुरीने रेल्वेची वाट कापायची. या क्रमाने गेल्यास खोदाईच्या दोन्ही बाजूंचे उतार वरच्या जमिनीशी आपोआप जुळतात, त्यांना वेगळे जुळवावे लागत नाही.

उतारांचे कोन मात्र मनाने ठरवू नयेत. मातीचा भराव सर्वसाधारणपणे दोनास एक या उताराचा असतो, म्हणजे क्षितिजाशी साधारण २७ अंश, आणि दीडास एक धरला तर ३४ अंश. सुटी दगडगोटी ३० ते ३७ अंशांच्या पलीकडे टिकत नाहीत. कठीण खडकातली खोदाई जवळजवळ उभी असू शकते. पुठ्ठ्याचे दोन-तीन त्रिकोण कापून हाताशी ठेवले की काम करताना उतार सतत पडताळता येतो. नवख्या लेआउटवरील भराव पन्नास-साठ अंशांचे असतात आणि तेवढ्यानेच सारे खेळण्यासारखे वाटू लागते.

आता साहित्याविषयी थोडे. गुलाबी किंवा निळ्या रंगाचा, दाट विणीचा एक्स्ट्रुडेड पाट मला सर्वांत योग्य वाटतो. दोन पाट चिकटवताना पांढरा पीव्हीए गोंद सर्वत्र फासू नये, कारण तो सुकतो पाणी उडून गेल्यावर आणि इथे दोन्ही बाजूंना पाणी न शोषणारा फोम असल्यामुळे मधला भाग कित्येक दिवस ओलाच राहतो. ॲक्रिलिक सीलंटचा पातळ थर, वरून वजन आणि सरकू नये म्हणून बांबूच्या काही काड्या एवढे पुरते. जिथे पुढे कापायचे आहे तिथे गोंद किंवा काडी अजिबात नको. फोम कापण्याच्या तापल्या तारेला गोंदाचा थर कापता येत नाही आणि सुरी तिथे अडकून फोमचे लचके तोडते. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन, साधा सायनोॲक्रिलेट गोंद आणि डब्यातले फवारा रंग पॉलिस्टायरीन विरघळवतात, म्हणून ते या कामापासून दूर ठेवावेत. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक इमल्शन रंग निर्धोक आहेत.

पृष्ठभागावर प्लॅस्टरचे कवच द्यावे की नाही, आणि पाणी दाखवताना फोमची काळजी कशी घ्यावी, या दोन गोष्टींवर जाणकारांची मते वाचायला आवडतील.

सांधेवाला

धागा उत्तम आहे. क्रमाबद्दल पूर्ण सहमत, पण देखाव्याच्या उत्साहात लोक विजेचे काम विसरतात म्हणून आधी त्याविषयी लिहितो; एकदा गवत उगवले की खाली हात घालणे कठीण होते.

फोममध्ये स्क्रू धरत नाही. सांधे (गाडीला एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर वळवणारी रुळांची जोडणी) बदलणारी मोटर खालून बसवायची असेल तर त्या जागी खालच्या बाजूला प्लायचा तुकडा चिकटवून घ्यावा आणि मोटर त्यावर स्क्रूने आवळावी. ५० मिमी फोम पार करायचा म्हणजे मोटरपासून सांध्यापर्यंत जाणारी तार लांब होते आणि लांब तार वाकते, म्हणून नेहमीपेक्षा जाड तार घ्यावी लागते. तेवढा खटाटोप नको असेल तर सांध्याखालचा फोम कोरून मोटर वरच्या बाजूने खाचेत बसवता येते आणि तिच्यावर झाकण म्हणून शेड किंवा झुडपांचा सुटा पट्टा ठेवता येतो. मी दुसऱ्या पद्धतीला पसंती देतो, कारण दुरुस्तीसाठी लेआउटखाली आडवे पडावे लागत नाही.

दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. साध्या विजेच्या तारांवरचे आवरण पीव्हीसीचे असते आणि ते मऊ राहावे म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर मिसळलेला असतो. ही तार पॉलिस्टायरीनला दीर्घकाळ चिकटून राहिली तर तो प्लॅस्टिसायझर हळूहळू फोममध्ये उतरतो. आवरण कडक होऊन तडकते आणि फोमही त्या रेषेत खचतो. त्यामुळे तारा फोममध्ये थेट पुरू नयेत. कागदाची किंवा पॉलिप्रोपिलीनची नळी आधी बसवावी आणि तारा तिच्यातून न्याव्यात. पुढे एखादी तार बदलायची झाली तरी हीच नळी उपयोगी पडते.

रुळांना तारा जोडण्याचे सोल्डरिंग शक्यतो रूळ पाटावर बसवण्याआधीच उरकावे. पॉलिस्टायरीन १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते आणि सोल्डरिंगचे टोक त्याच्या तिप्पट-चौपट तापलेले असते, त्यामुळे नुसता निसटता स्पर्शसुद्धा रुळाखाली खड्डा करायला पुरेसा आहे.

पांढराकण

आपण एक्स्ट्रुडेड पाटाचा आग्रह धरता, परंतु वस्तूंच्या खोक्यांत येणारा साधा थर्माकोल फुकट मिळतो आणि डोंगराच्या पोटात तो कोणालाच दिसत नाही. सगळाच लेआउट महागड्या पाटाचा करण्याची गरज आहे का?

घाटमार्ग

डोंगराच्या पोटात थर्माकोल भरायला माझी हरकत नाही. फक्त त्यावर रूळ टाकू नयेत आणि तो उघड्या पृष्ठभागावर आणू नये. दोन्ही पॉलिस्टायरीनच आहेत, पण थर्माकोल हा फुगवलेल्या मण्यांचा जोडलेला समूह असतो, त्यामुळे सुरीने कापताना मणी सुटे होतात आणि घर्षणाने आलेल्या विद्युतभारामुळे हाताला, कपड्यांना, ओल्या रंगाला चिकटत राहतात. बारीक घळ किंवा खडकाची कपार कोरायला तो उपयोगी नाही, कारण त्यात मण्याच्या आकारापेक्षा लहान तपशील टिकत नाही. थर्माकोल कापायचाच असेल तर तापल्या तारेने कापावा. तारेने मणी वितळून एकमेकांना धरून राहतात.

तार वापरताना ती लाल होईपर्यंत तापवू नये. हलक्या हाताने, न ओढता, फोम आपणहून मागे सरेल इतपतच उष्णता असावी. जास्त तापली की चीर रुंद होते आणि धूर वाढतो. या धुरात स्टायरीन असते, म्हणून खिडक्या उघड्या ठेवून, शक्य तर घराबाहेरच हे काम करावे. पॉलियुरेथेनचा फोम मात्र तापल्या तारेने कधीही कापू नये. त्यातून निघणारे वायू याहून कितीतरी विषारी असतात. पाट नेमका कशाचा आहे याची खात्री नसेल तर सुरी, करवत आणि कानस यांवरच काम भागवावे आणि भुसा उडण्याआधीच व्हॅक्यूमने ओढून घ्यावा.

कातळ

कवचाच्या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे: सर्वत्र प्लॅस्टरचे कवच देणे म्हणजे फोमचा हलकेपणा आपल्याच हाताने घालवणे होय. मातीच्या, गवताच्या भागावर ॲक्रिलिक पुट्टीचा १–२ मिमी थर पुरतो. त्याचे काम फक्त पाटांमधल्या फटी आणि सुरीच्या खुणा बुजवणे एवढेच आहे. खडकांचे मात्र वेगळे.

उघडा खडक दाखवायचा असेल तर तो कोणता खडक आहे हे आधी ठरवावे, नाहीतर त्याला खडकाचा नुसता रंग येतो, खडकाचे रूप येत नाही. गाळाच्या खडकाचे थर एकमेकांना समांतर असतात आणि ते कलले असतील तर त्या संपूर्ण भागात एकाच दिशेला, जवळपास एकाच कोनात कललेले असतात. खोदाईच्या एका बाजूला थर डावीकडे आणि दुसऱ्या बाजूला उजवीकडे उतरताना दिसले की जाणकार माणूस लगेच हसतो. बेसाल्टमध्ये लाव्हाचे आडवे थर पायऱ्यांसारखे दिसतात: कठीण थराचा उभा कडा, त्याखाली झिजलेल्या मऊ थराचा गवताळ उतार, पुन्हा कडा. ग्रॅनाइटचे कोपरे झिजून गोलसर होतात. कड्याच्या पायथ्याशी पडलेला दगडांचा ढीगही ठरावीक पद्धतीने पडतो. मोठे धोंडे घरंगळत सर्वांत खाली जातात आणि बारीक चुरा वर राहतो.

फोममध्ये हे कोरताना गुळगुळीत काप टाळावा. सुरी थोडी आत घालून पिळली की फोम तुटतो आणि तुटलेला पृष्ठभाग कापलेल्यापेक्षा खडकासारखा दिसतो. त्यावर तारेचा ब्रश थरांच्या दिशेनेच फिरवावा आणि चुरगळलेल्या ॲल्युमिनियमच्या कागदाचा गोळा दाबून पृष्ठभाग खरबरीत करावा. यानंतरची पायरी बरेच जण गाळतात. फोम रंग शोषत नाही, त्यामुळे पातळ रंगाचे हात त्यावरून ओघळून जातात आणि कपारींत थांबत नाहीत. पुट्टीत थोडा पांढरा गोंद आणि पाणी घालून केलेला सायीसारखा पातळ लेप ब्रशने एकदा दिला की पृष्ठभाग प्लॅस्टरप्रमाणे रंग धरू लागतो.

रंगाचे म्हणाल तर एकच राखाडी रंग फासण्याऐवजी गेरूसारखा तांबूस, मातकट पिवळा आणि राखाडी अशा अतिशय पातळ केलेल्या रंगांचे विस्कळीत ठिपके आधी द्यावेत, त्यावर पाण्याने पातळ केलेल्या काळ्या रंगाचा एक हात फिरवावा म्हणजे ठिपके एकमेकांत मिसळून काळा रंग फटींत उतरतो, आणि पूर्ण सुकल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट रंग फक्त कडांवर घासावा. लेआउटवर जो प्रकाश कायम असणार आहे त्याच प्रकाशात रंगकाम करावे. पिवळ्या दिव्याखाली बरोबर वाटलेला खडक पांढऱ्या दिव्याखाली निळसर आणि परका दिसतो.

खडीवाला

देखाव्यावर भरपूर लिहिले गेले आहे, त्यामुळे मी खडी आणि आवाज या दोनच विषयांवर थांबतो.

खऱ्या मार्गावरची खडी साधारण ५० मिमीची धरली तर १:८७ मध्ये ती ०.५७ मिमी आणि एन मापाच्या १:१६० मध्ये ०.३१ मिमी होते. म्हणजे एचओसाठी बारीक वाळूएवढी आणि एनसाठी त्याहूनही बारीक. दुकानात ‘बारीक’ म्हणून मिळणारी पुष्कळशी खडी या हिशोबाने धोंडेच असतात. दोन चाळण्या वापरून आपल्याला हवा तो आकार वेगळा करणे अवघड नाही.

फोमवर खडी चिकटवताना एक फरक लक्षात ठेवावा. लाकडावर किंवा कॉर्कवर जास्तीचे पाणी शोषले जाते. फोमवर ते जाते कुठे? कुठेच जात नाही, तिथेच साचते, खडी त्यात तरंगते आणि सुकल्यावर स्लीपरवर चढून बसलेली आढळते. म्हणून आधी खडी कोरडीच ब्रशने नीट बसवावी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी यांचा अगदी बारीक फवारा द्यावा, आणि त्यानंतर एक भाग गोंदाला तीन भाग पाणी व भांडी धुण्याच्या साबणाचा थेंब असे मिश्रण ड्रॉपरने दोन स्लीपरांच्या मध्ये थोडे थोडे सोडावे. सांध्यांच्या हलत्या जिभांजवळ गोंद न घालता खडीच विरळ ठेवावी.

आवाजाबद्दल अनेकांची तक्रार असते. उघड्या चौकटीवर ताणून बसवलेला फोमचा पाट गाडीचा कंप मोठा करतो, आणि पीव्हीए गोंदाने दगडासारखी घट्ट झालेली खडी तो कंप रुळांपासून पाटापर्यंत थेट पोचवते. उपाय दोन आहेत. पाट ६ मिमी प्लायवर सीलंटने पूर्ण चिकटवावा. आणि रूळ कॉर्कच्या पट्टीवर सीलंटनेच बसवावेत, कारण ते सुकल्यावरही थोडे लवचीक राहते. फोममध्ये खिळे तसेही धरत नाहीत, त्यामुळे सीलंटवाचून गत्यंतर नाहीच. सीलंटचा थर मात्र इतका पातळ असावा की त्यातून खालचा रंग दिसावा. जाड थर स्लीपरांमधून वर येतो आणि पुढे खडी बसू देत नाही.

हिरवळ

स्टॅटिक ग्रासबद्दल, म्हणजे विजेच्या दाबाने उभ्या केलेल्या कृत्रिम तंतूंच्या गवताबद्दल, विचारायचे होते. यंत्र चांगले आहे, तंतू ४ मिमीचे आहेत, तरी फोमच्या लेआउटवर गवत उभे राहत नाही, आडवे पडते. याच यंत्राची पुठ्ठ्यावर चाचणी घेतली तेव्हा ते बरे चालले होते. कोणी कारण सांगू शकेल का?

सांधेवाला

हिरवळ यांस,

कारण बहुधा यंत्रात नसून परताव्याच्या तारेत आहे. यंत्राच्या जाळीवर काही हजार व्होल्टचा दाब असतो आणि दुसरी तार ओल्या गोंदाला जोडायची असते, म्हणजे जाळी आणि गोंद यांच्यामध्ये विद्युतक्षेत्र तयार होऊन तंतू त्या क्षेत्राच्या दिशेने उभे राहतात. फोम उत्तम विद्युतरोधक आहे. तारेची क्लिप लेआउटच्या चौकटीला किंवा फोममध्ये कोरड्या जागी खोचलेल्या खिळ्याला लावली असेल तर गोंदापर्यंत काहीच पोचत नाही. पुठ्ठ्यात थोडा ओलावा असतो, म्हणून तिथे चूक खपून गेली असावी.

गोंद लावलेल्या तुकड्यातच, गोंद खिळ्याच्या दांड्याला स्पर्श करील असा, एक बारीक खिळा खोचावा आणि क्लिप त्याला लावावी. दोन ओले तुकडे एकमेकांना जोडलेले नसतील तर प्रत्येकासाठी वेगळा खिळा लागेल. एका वेळी तळहाताएवढाच भाग घ्यावा, कारण गोंदावर साय धरली की तंतू आत शिरत नाहीत. खिळा नंतर काढून टाकला की त्याचे छिद्र गवतात दिसतही नाही. हृदयात पेसमेकर असलेल्या व्यक्तीने हे यंत्र वापरू नये, हेही लिहून ठेवतो.

हिरवळ

खिळा गोंदात खोचल्यावर गवत ताठ उभे राहिले. मनापासून आभार. आता पुढचा प्रश्न असा की उभे राहिलेले गवत हिरव्या गालिच्यासारखे दिसते आहे. लांबी बदलावी की रंग?

घाटमार्ग

दोन्ही, पण कुठे बदलायचे हे जमीनच सांगते. याच कारणाने मी सुरुवातीला पाणी कोणत्या बाजूला वाहते ते ठरवायला सांगितले होते. जिथे पाणी साचते किंवा उशिरापर्यंत ओल टिकते तिथे गवत दाट, लांब आणि गडद. कण्यावर आणि वाऱ्याला उघड्या उतारांवर ते आखूड, विरळ आणि पिवळसर. पायवाटेच्या मध्यभागी काहीच नाही आणि कडेला तुडवलेले खुरटे गवत. हा हिशोब मनात ठेवून २ मिमी, ४ मिमी आणि ६ मिमी तंतू वेगवेगळ्या रंगांचे घ्यावेत. आधी आखूड, मग त्यांवर गोंदाचे अनियमित ठिपके देऊन लांब.

त्याआधी जमीन मात्र जमिनीसारखी हवी. फोम आणि पुट्टी यांवर मातकट रंगाचा जाड हात द्यावा आणि तो ओला असतानाच वस्त्रगाळ केलेली खरी माती चाळणीने भुरभुरावी. माती आधी तापवून घ्यावी म्हणजे कीटक आणि बुरशी उरत नाही. त्यातून चुंबक दोन-तीन वेळा फिरवणे अत्यावश्यक आहे, कारण मातीतले लोहकण इंजिनाच्या मोटरमधल्या चुंबकाकडे ओढले जातात आणि तिथून निघत नाहीत. गोंदाने माती गडद होते, म्हणून हवी त्यापेक्षा एक छटा फिकट माती निवडावी. उघड्या मातीचे डाग गवतात जागोजागी दिसू द्यावेत. सगळे झाकण्याच्या मोहानेच गालिचा तयार होतो.

खूप चढ्या उतारांवर स्टॅटिक ग्रास जपून वापरावे. तंतू पृष्ठभागाशी काटकोनात उभे राहतात, खरे गवत मात्र आकाशाकडे वाढते. उभ्या भागावर तयार झुबके हाताने बसवणे अधिक बरे.

ओढाकाठ

पाण्याविषयी अजून कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो.

फोमच्या पायात ओढ्याचे पात्र कोरणे सोपे, पण ओतायचे काय हा प्रश्न जपून सोडवावा लागतो. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीनच द्रावक म्हणून असते, त्यामुळे ते फोमला अक्षरशः खाऊन टाकते. इपॉक्सी रेझिन फोमला विरघळवत नाही, परंतु घट्ट होताना उष्णता सोडते आणि जाड थर एकदम ओतला तर ही उष्णता फोम मऊ होण्याइतकी वाढू शकते. म्हणून सुमारे ३ मिमीचे थर, एक घट्ट झाल्यावर दुसरा, अशा पद्धतीने ओतावे. खोली ही खरी रेझिनने दाखवायची नसतेच, ती तळाच्या रंगाने दाखवायची असते: मध्यभागी गडद हिरवट-काळा, काठाकडे येताना मातकट, आणि दोन्हींची सीमा ओल्या ब्रशने पुसट केलेली. असा तळ असेल तर ५ मिमी पाणीही खोल भासते.

ओतण्याआधी पात्र पुट्टीने आणि ॲक्रिलिक रंगाच्या दोन-तीन हातांनी पूर्ण बंद करावे. रेझिन टाचणीच्या छिद्रातूनही खाली उतरते, आणि पाटांच्या सांध्यात शिरले तर कुठून बाहेर येईल हे सांगता येत नाही. लेआउटच्या कडेला, जिथे ओढा संपतो, तिथे बांध म्हणून लावलेली पट्टी आतून चिकटटेपने मढवावी म्हणजे नंतर सुटते. इपॉक्सी गवताच्या आणि दगडांच्या कडेने वर चढते. काठावरची झाडी म्हणूनच ओतल्यानंतर लावावी. वाहत्या पाण्याच्या लहरी शेवटी चमकदार ॲक्रिलिक जेलने द्याव्यात, आणि त्या फक्त जिथे दगड किंवा पुलाचा खांब पाण्याला अडवतो तिथेच.

घाटमार्ग यांच्या मूळ मुद्द्याला जोडून एक गोष्ट सांगतो. भराव जिथे जिथे घळ ओलांडतो तिथे खाली मोरी असलीच पाहिजे, नाहीतर पहिल्याच पावसात भराव वाहून गेला असता. १:८७ मध्ये एक मीटर रुंदीची मोरी जेमतेम ११–१२ मिमीची होते. एवढ्याशा कमानीने अख्ख्या भरावाला कारण मिळते, आणि ती करायला एक संध्याकाळ पुरते.

पांढराकण

झाडांच्या उंचीबद्दल कोणी मार्गदर्शन करील का? माझ्याकडची तयार झाडे ६०–७० मिमीची आहेत आणि एचओ मापाच्या डब्यांशेजारी झुडपांसारखी दिसतात.

कातळ

कारण ती झुडपेच आहेत. १५ मीटर उंचीचे मध्यम झाड एचओमध्ये १७२ मिमी आणि एनमध्ये ९४ मिमी होते. आपल्याकडची झाडे टाकून देऊ नका. ती मागच्या बाजूला, पार्श्वभूमीच्या चित्राजवळ लावा आणि खरी उंच झाडे पुढे घ्या. मागे जाताना झाडे लहान, रंग फिकट आणि किंचित निळसर होत गेले की ६०० मिमी खोलीचा लेआउट प्रत्यक्षापेक्षा बराच खोल वाटतो. फक्त मागच्या लहान झाडांशेजारी घर किंवा माणूस ठेवू नये, नाहीतर तुलना होऊन भ्रम तिथेच मोडतो.

फोममध्ये झाड बसवणे फार सोपे असते: काडीने छिद्र, बुंध्याला गोंदाचा थेंब, झाले. जड झाड कलू नये म्हणून बुंध्यातली तार किमान २५ मिमी आत जाऊ द्यावी.

खडीवाला

घाटमार्ग यांना शेवटचा एक प्रश्न. बोगद्यात गाडी घसरली तर? आणि फोमच्या उघड्या कडांचे आपण काय करता? येता-जाता हात लागून त्या फार लवकर खराब होतात.

घाटमार्ग

बोगद्यावरचा डोंगर मी कधीच कायमचा चिकटवत नाही. फोम हलका असल्यामुळे डोंगराचा वरचा भाग झाकणासारखा उचलता येईल असा वेगळा करता येतो. आतून प्लायच्या दोन खुंट्या बसवल्या की तो दर वेळी त्याच जागी बसतो. जोडाची रेषा सपाट गवतातून न नेता कड्याच्या पायथ्याने, ओढ्याच्या काठाने किंवा दाट झुडपांच्या ओळीतून न्यावी, म्हणजे ती शोधूनही सापडत नाही. आतल्या भिंती जिथपर्यंत नजर पोचते तिथपर्यंतच खडकासारख्या कराव्यात आणि पुढे काळा रंग द्यावा.

कडांना जमिनीच्या चढउताराप्रमाणे कापलेली ३ ते ६ मिमी प्लायची किंवा हार्डबोर्डची पट्टी लावावी आणि ती फोमला न चिकटवता खालच्या लाकडी चौकटीला स्क्रूने आवळावी. फोमवर दमट हवेचा परिणाम जवळजवळ होत नाही. १० अंश तापमानबदलाला तो मीटरमागे सुमारे ०.७ मिमी हलतो. लाकूड मात्र ओलाव्याने त्याच्या रेषांच्या आडव्या दिशेने त्याहून जास्त फुगते. दोघांना एकमेकांशी घट्ट जखडले की तडा पट्टीच्या काठाने पुट्टीवर उमटतो. पट्टी आणि जमीन यांच्यामध्ये राहिलेली बारीक फट सुट्या मातीने भरावी, तिथे गोंद घालू नये.